सतरा बाकी

मी तीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केली असं कळलं की दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीतले लोक मला आपला बिघडलेला प्रिंटर दाखवायला नेतात. प्रिंटरमधलं मला ओ की ठो कळत नाही. नोकरीच्या उत्तरार्धात मी जे काम करत होते ते समजावून सांगायला गेलं तर लोक हसतात, म्हणून मी सहसा सांगत नाही. मी प्रोग्राम बंद करायचे. म्हणजे चालू असलेला प्रोग्राम नीट, कोणाचं नुकसान न करता बंद कसा व्हावा, ते लिहायचे. प्रोग्राम सुरू होतो तेव्हा साहेब येतात, मिठाई वाटली जाते, फोटो निघतात. बंद होताना तिथे कोणी फिरकत नाही.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक वर्षाताई म्हणाल्या, "शीला, ऑफिसातले गमतीचे किस्से लिही ना यार, लोकांना आवडतात." गमतीचे आहेतही चार-सहा. पण लिहायला बसलं की एकच प्रसंग समोर येऊन बसतो आणि तो गमतीचा नाही. वर्षाताईंनी सांभाळून घ्यावं.

आमची कंपनी नोएडात होती, साठ-सत्तर माणसांची. पॅथॉलॉजी लॅबना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. त्यातला धोक्याच्या मेसेजचा भाग माझ्याकडे होता. रक्ताच्या तपासणीत एखादा आकडा फारच वर किंवा फारच खाली आला तर डॉक्टरला आणि पेशंटच्या घरी ताबडतोब मेसेज गेला पाहिजे. आमच्या आधी लॅबमधली टेक्निशियन स्वतः फोन करायची. आम्ही आलो आणि ते फोन थांबले. आमच्या माहितीपत्रकात हे मोठ्या अक्षरांत छापलं होतं आणि तो मजकूर मीच लिहून दिला होता.

आता थोडं धंद्यातलं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमचे प्रोग्राम जावा नावाच्या भाषेत लिहिलेले असत. एका प्रोग्रामच्या पोटात एकाच वेळी अनेकजण काम करत असतात. पुस्तकात त्यांना थ्रेड म्हणतात, आम्ही वर्कर म्हणायचो. पोस्टातल्या चार खिडक्या आणि समोरची एक रांग डोळ्यांपुढे आणा. कारकून रांगेतला पहिला माणूस बोलावतो, त्याचं काम उरकतो, मग पुढचा बोलावतो. माझे वर्कर तसे एकेक मेसेज उचलून पाठवत असत.

हे पोस्ट बंद करायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे बाहेरचं दार लावायचं, नवीन कोणाला आत घ्यायचं नाही, पण रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाचं काम करून मगच दिवे घालवायचे. दुसरी म्हणजे शिट्टी मारायची, की जिथे असाल तिथे थांबा. जावात दोन्ही सोयी आहेत. आणि दुसऱ्या रीतीत जावा एक सभ्यपणा करते. शिट्टी मारल्यावर ती रांगेत राहिलेल्यांची यादी तुमच्या हातात देते. ती घ्यायची की नाही हे मात्र तुमच्यावर. घेतली नाही तर ती हवेत विरून जाते आणि जावा त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

आणखी एक. वर्करला बखोट धरून उठवता येत नाही. त्याच्या खांद्यावर फक्त टकटक करता येतं. तो लिहिणाऱ्याने तसं लिहिलं असेल तर तो मान वर करून बघतो आणि हातातलं ठेवतो. लिहिणाऱ्याने आळस केला असेल तर तो टकटक ऐकतो, विसरतो आणि कामाला लागतो. असे बहिरे वर्कर मी उमेदीच्या काळात पुष्कळ जन्माला घातले.

ते बहिरे आहेत हे मला सांगणारा माणूस म्हणजे हरिओम त्यागी. वय तेव्हा पन्नाशीच्या आत-बाहेर. फौजेत सिग्नलमध्ये होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आमच्याकडे कंत्राटावर ऑपरेटर म्हणून लागले. रोज मुरादनगरहून यायचे. प्रोग्राम चालू ठेवणं आणि नवीन आवृत्ती आली की जुना बंद करून नवा लावणं हे त्यांचं काम. एक दिवस ते माझ्या टेबलाशी येऊन अदबीनं म्हणाले, "मॅडम, आपका एक बच्चा घर नहीं जा रहा."

मी खोदून खोदून पाहिलं. एका वर्करमध्ये टकटकीच्या जागी मी दोन वर्षांपूर्वी काहीच लिहिलेलं नव्हतं. नुसता रिकामा कंस. त्यागीजींना मी ते दाखवलं तेव्हा ते स्क्रीनशी वाकले आणि म्हणाले, "अच्छा. सुनता है, मानता नहीं." त्यानंतर आमचं चांगलं जमलं. मी लिहायचे, ते बंद करून बघायचे आणि चुका सांगताना कधी आवाज चढवायचे नाहीत.

बंद करण्याचा दिवस बुधवार, वेळ दुपारी दोन ते तीन, कारण सकाळचे नमुने तोवर उरकलेले असत आणि संध्याकाळचे यायचे असत. त्यागीजी दार लावायचे आणि खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसायचे. स्क्रीनवर रांगेत किती बाकी आहेत तो आकडा दिसायचा. नऊ, सात, चार. कधी पाच मिनिटं लागत, कधी चाळीस. शून्य झाल्याशिवाय ते पुढचं बटण दाबत नसत. मग आपल्या रजिस्टरमध्ये निळ्या शाईने लिहायचे, तारीख, वेळ, बाकी शून्य. हे रजिस्टर त्यांना ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं. फौजेची सवय. नऊ वर्षं त्या रकान्यात शून्याखेरीज काही पडलं नाही.

मग बत्रा सर आले. नवे मॅनेजर, चांगले हुशार, सतत घाईत. त्यांना चाळीस मिनिटं हा प्रकार अजिबात पटेना. एका मीटिंगमध्ये ते मला म्हणाले, "साळवे मॅडम, एक आदमी कुर्सी पर बैठके गिनती देख रहा है, ये प्रोसेस नहीं है." ते दिसायला खरंच तसंच होतं, आणि मलाही नवं काहीतरी करून दाखवायची हौस होती. मी एक बटण बनवून दिलं. ते दाबलं की प्रोग्राम दार लावणार, साठ सेकंद थांबणार आणि साठ सेकंदांत रांग संपली नाही तर शिट्टी मारणार.

शिट्टीनंतर जी यादी मिळते ती मी घेतली नाही. तिथे मी इंग्रजीत एक टीप लिहून ठेवली, की यादी जपून ठेवायची आहे, नंतर करू. आमच्या धंद्यात अशा टिपा गावोगावच्या भिंतींवरच्या जाहिरातींइतक्या असतात, आणि त्या लिहिल्या की काम अर्धं झाल्यासारखं वाटतं. आमचे मेसेज बाहेरच्या एका कंपनीमार्फत जायचे; माझ्या मशीनवर तपासताना तिच्या जागी एक खोटी, लटकी कंपनी होती. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत 'पोचला' म्हणायची. त्यामुळे तपासणीत यादी नेहमी रिकामीच आली. रिकामी यादी कोण जपून ठेवणार.

पुढचे काही बुधवार सगळं सुरळीत झालं. बत्रा सरांनी मेलवर माझं कौतुक केलं. त्यागीजींना खुर्ची ओढायची गरज उरली नाही, तरी ते ओढायचेच.

ऑक्टोबरातला बुधवार होता तो. दिल्लीत डेंग्यूचा जोर, लॅबमध्ये रीघ. मी कॅन्टीनमध्ये राजमा-चावल खात होते. त्यागीजींचा फोन आला.

"मॅडम, सत्रह बाकी दिखा रहा है. हिल नहीं रहा. रुकूँ थोड़ा?"

मी घास गिळून म्हटलं, "नहीं नहीं, दबा दीजिए त्यागीजी. अंदर सब सँभाला हुआ है."

"पक्का मॅडम?"

"बिल्कुल."

त्यांनी बटण दाबलं. त्या दुपारी मेसेज पाठवणाऱ्या कंपनीकडे काहीतरी अडकलं होतं, रांग जागची हलत नव्हती. साठ सेकंद झाले, शिट्टी वाजली, जावाने सतरा जणांची यादी पुढे केली आणि ती घ्यायला हात नव्हता. नवा प्रोग्राम सुरू झाला. त्याने आपल्या वहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, पाहिलं तर त्या सतरांपुढे 'रांगेत दिले' अशी खूण आधीच होती. म्हणजे त्याच्या लेखी ते काम झालेलं. तो पुढच्यांना बोलवायला लागला.

त्या सतरांत एक होत्या सुनंदा पवार. नवरा सैन्यात हवालदार, सांगलीकडचे, दिल्ली छावणीत क्वार्टर. सैन्याच्या इस्पितळातली गर्दी बघून ते ताप आल्यावर बाहेरच्या क्लिनिकमध्ये गेले होते आणि तिथून रक्त आमच्या गिऱ्हाइकाच्या लॅबमध्ये आलं. प्लेटलेट फार खाली होत्या. मेसेज ना डॉक्टरला गेला, ना घरी. लॅबने त्यांना सांगितलं होतं, काही गडबड असेल तर लगेच मेसेज येईल. तो आला नाही म्हणून ते स्वस्थ राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग धावपळ, सैन्याचं इस्पितळ, आठवडाभर अतिदक्षता विभाग. बाई वाचल्या. हे मी आधीच सांगून टाकते, कारण तो आठवडा मी कसा काढला ते मला लिहिता येणार नाही.

लॅबने हवालदार पवारांचा फोन आमच्याकडे जोडून दिला. ते मराठी आहेत म्हटल्यावर सगळ्यांनी तो माझ्या हातात दिला. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "ताई, मेसेज आला नाही, म्हणून आम्ही निवांत होतो. मी तिला म्हणालो पण, बघ, काही नाही झालेलं तुला." मी त्यांना म्हटलं की आम्ही चौकशी करतोय. त्यांनी मला थँक्यू म्हटलं.

चौकशी शुक्रवारी झाली. खोलीत बत्रा सर, एचआरच्या बाई, त्यागीजी आणि मी. बटण कोणी दाबलं ते मशीनवर नोंदलेलं होतं. आमचा कॅन्टीनमधला फोन कुठेच नोंदलेला नव्हता.

"त्यागीजी, स्क्रीन पर सत्रह दिख रहा था?" बत्रा सरांनी विचारलं.

"दिख रहा था सर."

"फिर भी दबाया?"

"जी. दबाया."

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आता यांची पाळी, अशा नजरेने. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होते. बत्रा सरांनी मला विचारलं, "सिस्टम में कोई दिक्कत, मॅडम?"

मी म्हटलं, "सिस्टम ने वही किया, जो उससे कहा गया."

तांत्रिकदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे. इतकं निर्दोष वाक्य मला सुचलं याची मला आजही शरम वाटते.

घरी येऊन मी नवऱ्याला, अरुणला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, आज छोड. सगळे तापलेले आहेत. सोमवारी शांतपणे सांग बत्राला, बिल्कुल सांग." सोमवारी बत्रा सर मुंबईला गेले होते. ते येईपर्यंत त्यागीजींचं कंत्राट संपवल्याचं पत्र निघालं होतं. मग मला वाटलं, आता सांगून काय होणार. हे असं एकेक दिवस वाटत गेलं. दरम्यान मी त्या प्रोग्राममध्ये चार ओळी घातल्या. यादी हातात घ्यायची, वहीत उतरवायची, नव्या प्रोग्रामने उठल्याबरोबर आधी ती वाचायची. चार ओळी, अर्ध्या तासाचं काम. कोणी विचारलं नाही की ही सुधारणा आजच का.

शेवटच्या दिवशी त्यागीजी माझ्या टेबलाशी आले. पत्र हातात होतं. त्यात कारण दिलं होतं, कामातली लापरवाही.

"मॅडम, नौकरी की बात नहीं कर रहा," ते म्हणाले. "बस ये एक शब्द हटवा दीजिए. बाकी जो लिखना है लिखें."

मी म्हटलं, "देखती हूँ त्यागीजी."

मी पाहिलं नाही. दोन वेळा बत्रा सरांच्या केबिनपर्यंत गेले आणि दुसऱ्याच कामाचं बोलून परत आले.

ते गेल्यावर त्यांच्या कपाटातलं सामान माझ्याकडे आलं. त्यात ते रजिस्टर होतं. मी शेवटचं पान उघडलं. निळ्या शाईने लिहिलं होतं: बुधवार, दो बजकर दस मिनट, बाकी सत्रह, साळवे मॅडम से पूछकर. मी ते बंद करून खणात खालच्या बाजूला ठेवलं. वर्षभराने ऑफिस दुसऱ्या सेक्टरमध्ये हललं तेव्हा जुने कागद रद्दीत निघाले. ते रजिस्टर मी बाजूला काढू शकले असते. रद्दीच्या गठ्ठ्यावर मी ते स्वतःच्या हाताने ठेवलं, हेही इथे लिहून टाकते.

पुढे मी अनेक वर्षं त्याच कंपनीत होते. नव्या मुलामुलींना मी शिकवायचे की सुरू करणाऱ्याला सगळे विचारतात, बंद करणाऱ्याने स्वतःला विचारायचं, कोण राहिलं. माझं हे भाषण लोकप्रिय होतं. एका मुलीने ते फळ्यावर लिहून ठेवलं होतं. मी ते पुसायला सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी विनयाने सांगतेय.

मागच्या वर्षी निवृत्त झाले आणि ठरवलं की आता तरी त्यागीजींना निर्दोष पत्र मिळवून द्यायचं. रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. पण आमची कंपनी तोवर एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती. मी त्यांना सगळी हकिगत सविस्तर लिहिली, माझी चूक नाव घालून कबूल केली. दोन ओळींचं उत्तर आलं. या नावाची कोणी व्यक्ती आमच्या नोंदींत आढळत नाही, तरी क्षमस्व.

तेव्हा मी रिकाम्याच हाताने मुरादनगरला गेले. ते घरासमोरच्या वाफ्यात पालक खुडत होते. ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. "आइए मॅडम," म्हणाले, हात धुऊन आले आणि खुर्ची पुसून दिली. त्यांच्या पत्नीने चहा आणला आणि त्या आत जाऊन दाराशी उभ्या राहिल्या. मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. यादीचं, टिपेचं, खोलीतल्या माझ्या वाक्याचं, रद्दीचंसुद्धा. ते कपातल्या चहाकडे बघत ऐकत होते.

मी विचारलं, "आपके पास रजिस्टर था. उस दिन दिखाया क्यों नहीं?"

"किसी ने माँगा नहीं," ते म्हणाले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "और आप बैठी थीं न. मैंने सोचा, आप बोलेंगी."

मला तिथे रडू आलं आणि त्यांनाच माझं सांत्वन करावं लागलं, हे आणखी वाईट.

त्यांनी नंतर दोन ठिकाणी प्रयत्न केला होता. एका इस्पितळाच्या नियंत्रणकक्षात आणि एका बँकेत. दोन्हीकडे आधीच्या नोकरीचं पत्र मागितलं. "दिखाता तो वो शब्द पढ़ते," ते म्हणाले. "न दिखाता तो पूछते, नौ साल कहाँ थे. तो फिर छोड़ दिया." नव्या कंपनीचं दोन ओळींचं उत्तर मी त्यांना वाचून दाखवलं. ते किंचित हसले. "चलो. अब लापरवाह भी नहीं रहा मैं वहाँ."

निघताना मी म्हटलं की मी काय करू ते तुम्हीच सांगा. ते दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "कहीं लिख दीजिए मॅडम. छपा हुआ हो. घर में भी इतने साल यही समझते रहे कि मुझसे चूक हुई. मैंने भी ज़्यादा सफ़ाई नहीं दी." मी त्यांना म्हटलं की आमच्या मंडळाचा अंक निघतो, त्यात लिहीन. त्यांनी विचारलं, "मराठी में?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "अक्षर तो वही हैं. पढ़ तो लेंगे." आणि मग, "समझेंगे कितना, पता नहीं."

म्हणून वर्षाताई, एक विनंती आहे. अंकात मराठीखेरीज काही छापत नाहीत हे मला माहीत आहे. पण शेवटच्या या ओळी आहेत तशाच राहू द्या. अंक घेऊन मी स्वतः मुरादनगरला जाणार आहे, आणि त्या दोघांना त्या कोणाच्या मदतीशिवाय वाचता आल्या पाहिजेत.

उस बुधवार को स्क्रीन पर सत्रह बाकी थे. हरिओम त्यागी ने बटन दबाने से पहले मुझे फ़ोन करके पूछा था कि रुकूँ या नहीं. मैंने कहा था, दबा दीजिए. वे सत्रह मैसेज मेरे लिखे हुए प्रोग्राम ने खोए. त्यागीजी ने कोई लापरवाही नहीं की. जिस पूछताछ से उन पर यह शब्द लगा, उसमें मैं भी बैठी थी और मैं नहीं बोली.

शीला साळवे